खातेदाराची सही

४ जानेवारी २०२६, रविवार

विम्याच्या एजंटाने दिलेली डायरी तीन दिवस कोरी पडली होती. आजपासून लिहितो, कारण आजपासून कामाला सुरुवात झाली. सोसायटीच्या ऑफिसबाहेर टेबल टाकून दहा ते बारा बसलो. पाटी माझ्याच अक्षरात, मराठीत आणि गुजरातीत: ‘पीपीएफ खातं कोण उघडू शकतं? विचारा. फी नाही.’ कोयलीला रिफायनरीत छत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटमध्ये काढली, पण लोक मला ओळखतात ते फॉर्मवाले पारखीकाका म्हणून. म्हातारपणासाठी, पंधरा वर्षांचं आणि व्याजावर एक पैसाही कर नसलेलं हे खातं मी आमच्या अर्ध्या सुभानपुऱ्याला काढून दिलं आहे.

आज चार जण आले. पहिल्याला मेलबर्नच्या मुलासाठी खातं हवं होतं. परदेशात राहणाऱ्याला नवं खातं मिळत नाही. दुसऱ्याला एकत्र कुटुंबाच्या नावाने हवं होतं, ते बंद होऊन वीस वर्षं झाली. एक आजी नातवासाठी आली होती. नातवाचे आईबाप धडधाकट असताना आजीला पालक म्हणून सही करता येत नाही. चौथ्याचं पोस्टात एक खातं होतंच, बँकेत दुसरं हवं होतं. एका माणसाला एकच. चारही अपात्र. जाताना त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, पण त्याला माझा इलाज नाही.

घरात आम्ही पाच. खाली मी आणि स्नेहलता, वरच्या मजल्यावर मुलगा धवल, सून उत्कर्षा आणि नात अवंती. तिची यंदा दहावीची बोर्डाची परीक्षा आहे. धवलचं अलकापुरीत ऑफिस आहे, कारखान्यांना पंप आणि व्हॉल्व्ह पुरवतो. तापट आहे, माझ्यावर गेलाय. आज जेवताना आमटी गार झाली म्हणून त्याने वाटी भिंतीवर भिरकावली. उत्कर्षाने मुकाट्याने भिंत पुसली. तिच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. विचारलं तर म्हणाली, कणीक मळताना मुरगळलं. हल्लीच्या मुलींच्या हाडांत दमच नाही.

१४ जानेवारी, बुधवार

उत्तरायण. सकाळपासून गच्चीवर. वारा चांगला होता, उंधियूही फक्कड झाला होता, पण धवलने दिवसाचा विचका केला. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पाहुणा आला होता. त्याने धवलचे लागोपाठ तीन पतंग कापले आणि तिसऱ्या वेळी थाळी वाजवत नाचला. धवल कठडा ओलांडून तिकडे गेला आणि त्याच्या तोंडावर बुक्की मारली. पाहुण्याचा ओठ फाटला, पांढरा सदरा लाल झाला. मला जाऊन हात जोडावे लागले. शेजारी चांगले म्हणून निभावलं. ‘जवा दो, अंकल,’ म्हणाले, जाऊ द्या.

परत आल्यावर त्याचा राग उत्कर्षावर निघाला, कारण फिरकी तिच्या हातात होती आणि म्हणे तिने वेळेवर ढील दिली नाही. त्याने मांजा तिच्या मुठीतून खसकन ओढून घेतला. तळहात आडवा कापला गेला. चिक्कीच्या ताटलीत रक्ताचे थेंब पडले, ती ताटली टाकून द्यावी लागली. स्नेहलताने हळद दाबली आणि फडकं बांधलं. या सणाला मांजाने कुणाचा ना कुणाचा हात कापतोच, असं मी म्हणालो.

१८ जानेवारी, रविवार

आज गंमत झाली. साडेअकराला टेबलासमोर बघतो तर उत्कर्षा, रांगेत. म्हटलं, घरी विचारायचं ना. तर म्हणाली, घरी नको, इथे सगळ्यांना सांगता तसंच मला सांगा. ती नोकरी करते त्या शाळेतली कुणी बाई आहे, तिच्यासाठी विचारत होती.

त्या बाईला स्वतःच्या नावाने खातं उघडायचं आहे, नवऱ्याची परवानगी लागते का? मी म्हटलं, अजिबात नाही. सज्ञान आहे, भारतात राहते, म्हणजे पात्र आहे. लग्न झालं की नाही, हे फॉर्म विचारत नाही. मग तिने विचारलं, नवऱ्याने पूर्वीच तिच्या नावाने एक खातं काढून ठेवलं असेल तर? मी म्हटलं, मग दुसरं काढता येणार नाही. पण काढायचं कशाला? आधीचं तिचंच आहे.

“पैसे त्याने भरले तरी?”

“भरेना का कोणी. खातं ज्याच्या नावावर, पैसे त्याचे. मुदत संपली की सही तिची लागते, आणि तिने सांगितलं तर पैसे तिच्या एकटीच्या बचत खात्यात जातात. कोर्टालासुद्धा या खात्यावर जप्ती आणता येत नाही, मग नवरा कोण?”

तिने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. इतकं लक्ष देऊन आजवर माझं कोणी ऐकलेलं नाही. आमची सून हुशार आहे, हे मी नेहमीच म्हणत आलो आहे.

१९ जानेवारी, सोमवार

काल जेवताना मी ही गोष्ट धवलला सांगितली. मला वाटलं, त्याला कौतुक वाटेल. नवऱ्याने कर वाचवायला बायकोच्या नावाने खातं काढावं आणि बायकोने बरोबर मुदतीच्या वेळी हक्क सांगावा, हे मी जरा रंगवूनच सांगितलं. धवलने घास ताटात ठेवला. कोण बाई, म्हणाला. मी म्हटलं, उत्कर्षाच्या शाळेतली कुणी. तो उत्कर्षाकडे बघून हसला. ती आमटी वाढत होती, तिचा हात थांबला.

जेवण झाल्यावर ती दोघं वर गेली. थोड्या वेळाने वरून खुर्ची पडल्यासारखा आवाज आला, मग भिंतीवर काहीतरी आपटल्यासारखा, मग पुन्हा तसाच. सात-आठ वेळा तरी. अवंती खाली येऊन आजीच्या कुशीत बसली. मी टीव्हीचा आवाज वाढवला, कारण बातम्या ऐकू येत नव्हत्या.

आज उत्कर्षा शाळेत गेली नाही. धवल म्हणाला, बाथरूममध्ये पाय घसरला.

२१ जानेवारी, बुधवार

वरच्या बाथरूमची फरशी दाखवायला मिस्त्री बोलावला. घरात कोणी पाय मोडून घेतला तर निस्तरायचं कुणी? मिस्त्रीने बसून फरशी हाताने चाचपली, पाणी ओतून बघितलं आणि म्हणाला, “काका, आ तो खरबचडी छे. आमां कोई ना लपसे.” खडबडीत फरशी, इथे कोणी घसरणार नाही. त्याने शंभर रुपयेसुद्धा घेतले नाहीत.

उत्कर्षा खोलीच्या दारात उभी होती. डावा डोळा बंद, गाल काळानिळा, खालचा ओठ दोन ठिकाणी फुटलेला. माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच तिला ढकललं. मला ते आवडलं नाही. मी मिस्त्रीला घेऊन खाली आलो.

८ फेब्रुवारी, रविवार

टेबलावर आज कोणी फिरकलं नाही. स्नेहलता चहा घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. ती कधी बसत नाही. म्हणाली, “वर काय चालतं ते मला एका कानाने ऐकू येतं. तुम्हाला तर दोन्ही कानांनी येतं.”

मी म्हटलं, नवराबायकोच्या मध्ये आपण पडू नये. ती उठून गेली. चहा तसाच राहिला.

तिच्या डाव्या कानाचं आता लिहूनच टाकतो, डायरी कोणी वाचत नाही. साल ८८. प्लांटचं शटडाऊन होतं, सोळा-सोळा तास ड्युटी. मी घरी आलो तर दाराला कुलूप. ही न सांगता मांडवीला बहिणीकडे गेली होती. आल्यावर मी हात उगारला, तो कानावर बसला. पडदा फाटला. डॉक्टरला मी सांगितलं की थंडीने कान फुटला. एकदाच झालं असं. एकदाच नाही, तीनदा. कानावर एकदा. त्या काळी हे कोणी मोजत नसे, आणि नंतर मी तिला चंदेरी साडीही आणली होती. धवल तेव्हा सात वर्षांचा होता. दारात उभा राहून बघत होता. रडला नाही, हे मला आठवतं, कारण मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

हे लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

८ मार्च, रविवार

धवल आज गोडीत होता. उत्कर्षाच्या नावाचं पीपीएफ खातं एप्रिलमध्ये पूर्ण होतंय, त्याचा बंद करण्याचा फॉर्म आणून ठेवा म्हणाला. अडतीस-एकोणचाळीस लाख येतील. मकरपुऱ्याला गोडाऊन घ्यायचं आहे. हे खातं मीच सुचवलं होतं. स्वतःच्या खात्यात मर्यादेइतके पैसे भरून झाल्यावर बायकोच्या नावाने दुसरं काढायचं, म्हणजे त्याही व्याजावर कर नाही. सगळे शहाणे नोकरदार असंच करतात.

एक गोष्ट मात्र कुणाला माहीत नाही, मला आणि धवलला सोडून. २०११ साली मार्च संपत आला होता आणि उत्कर्षा बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी होती. अवंती जेमतेम महिन्याची. वर्ष वाया जाऊ नये म्हणून धवलने तिचा फोटो आणि पॅनकार्ड दिलं आणि फॉर्मवर तिची सही मी केली. वाणसामानाच्या यादीखाली ती जशी करायची तशी, उ ला लांब शेपूट काढून. घरातलंच काम, त्यात काय. बँकेत ओळख होती, कोणी विचारलं नाही. म्हणजे आज बँकेत खातेदाराची म्हणून जी सही आहे, ती खातेदाराची नाहीच. रविवारी मी लोकांना काय सांगतो? सही खातेदाराचीच लागते.

१९ मार्च, गुरुवार

आज पाडवा.

गुढी वरच्या बाल्कनीत उभारली होती. दुपारी सगळे जेवायला बसलो. अवंतीची परीक्षा सोमवारी संपली, ती खुशीत होती. श्रीखंड वाढताना धवल म्हणाला, चार तारखेला बँकेत जायचं आहे, एक सही कर, मग सुटलीस. उत्कर्षाने चमचा भांड्यात ठेवला आणि म्हणाली, “मी येणार नाही. खातं माझ्या नावावर आहे, पैसे माझे आहेत. बाबांनीच सांगितलं.”

धवल उठला आणि वर गेला. मला वाटलं, राग शांत करायला गेला. वर काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि तांब्या अंगणात येऊन आदळला. धवल जिना उतरला तेव्हा त्याच्या हातात गुढीची काठी होती, तिला साखरेची माळ आणि कडुलिंबाचा डहाळा अजून बांधलेला होता. पहिला फटका उत्कर्षाच्या पाठीत, दुसरा खांद्यावर. ती ताटांवर कोसळली. मग तो मोजून मारावं तसा मारत राहिला. प्रत्येक फटक्याला साखरेच्या पदकांचे तुकडे उडत होते. अवंती ओरडत मध्ये गेली आणि आईच्या डोक्यावर तिने हात धरला. काठी त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला टेबलाच्या या टोकापर्यंत ऐकू आला. तेव्हा तो थांबला.

मी काय केलं? मी “अरे, अरे” म्हणालो. खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही. स्नेहलता उठली होती. तिने काठीचं दुसरं टोक धरलं होतं, आणि त्याने तिलाही हिसडा देऊन पाडलं.

हॉस्पिटलमध्ये अवंतीच्या उजव्या हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. धवल माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, जिन्यावरून पडली. तोंडातून सरळ बाहेर आलं, अडखळलंही नाही. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. उत्कर्षाने स्वतःच्या बरगड्या दाखवल्याच नाहीत.

२८ मार्च, शनिवार

सकाळी नऊ वाजता धवल फॉर्म घेऊन माझ्या खोलीत आला. उत्कर्षा सही करत नाही, म्हणाला. शांतपणे बोलत होता.

“तेव्हा तुम्हीच केली होती ना? परत करा.”

मी म्हटलं, असं चालत नाही, हा गुन्हा आहे. तो म्हणाला, तेव्हा नव्हता? मी म्हटलं, तेव्हा मी विचार केला नव्हता. खातं तिचं आहे.

त्याने चटकन थोबाडीत मारली. चष्मा कपाटाखाली गेला. मला समजायच्या आत दुसरी बुक्की डोळ्याखाली बसली आणि मी पलंगावर आडवा झालो. मग त्याने गळा धरून मला बसतं केलं आणि हातात पेन दिलं. त्र्याहत्तर वर्षांत माझ्या अंगावर कोणी हात टाकला नव्हता, ना बापाने, ना साहेबाने. मार लागतो तेव्हा पहिल्यांदा दुखत नाही, पहिल्यांदा लाज वाटते. हे मला माहीत नव्हतं.

मी सही केली. पुढचं दिसत नव्हतं, तरी ती हुबेहूब आली. धवलने फॉर्म खिशात ठेवला आणि जाताना दार हळूच लावलं.

२९ मार्च, रविवार

टेबलावर बसलो, नाहीतर लोकांनी विचारलं असतं. भास्करराव शेजारी राहतात, ते आले. डोळ्याकडे बघून म्हणाले, पारखी, हे काय?

मी म्हणालो, “बाथरूममध्ये घसरलो.”

बोललो आणि टेबल धरून बसलो. भास्कररावांना वाटलं, मला चक्कर आली. त्यांनी पाणी आणून दिलं.

घरी आलो तर अवंती जिन्याच्या खालच्या पायरीवर, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बसली होती. भास्करराव घरी विचारपूस करून गेले होते, त्यामुळे माझं उत्तर तिच्या कानावर आलंच होतं. म्हणाली, “आजोबा, मी कशी पडले ते डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत. तुम्ही कसे पडलात ते मी सांगू का कुणाला?”

मी सरळ वर उत्कर्षाकडे गेलो. धवल घरात नव्हता. दोन्ही सह्यांचं सांगितलं, २०११ची आणि कालची. मला वाटलं, ती रडेल किंवा मला शिव्या देईल. तिने कपाटातून एक पासबुक काढलं. तिच्या एकटीच्या नावाचं बचत खातं, बावीस जानेवारीला उघडलेलं. म्हणजे फुटलेल्या ओठाने ती बँकेत गेली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “शाळेतली ती बाई तूच होतीस?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “तुम्हाला कळलं नव्हतं? मला वाटलं, कळलं म्हणूनच तुम्ही त्याला सांगितलंत.”

दहा आठवडे ती असं समजत होती. रोज सकाळी माझ्यापुढे चहा ठेवताना असं समजत होती. मी म्हणालो, नाही गं, मला खरंच कळलं नाही. यावर तिने काय म्हणावं? तिने पासबुक परत कपाटात ठेवलं. मी खाली आलो आणि जेवलो नाही.

४ एप्रिल, शनिवार

एक तारखेला बँकेचं क्लोजिंग होतं, मग धवल दोन दिवस अंकलेश्वरला होता, म्हणून आजचा दिवस ठरला. तो अकराला ऑफिसमधून बँकेत जाणार होता. आम्ही सव्वादहालाच पोचलो. उत्कर्षा, अवंती, मी आणि स्नेहलता. स्नेहलताला मी नको म्हटलं होतं, पण ती रिक्षात जाऊन बसली होती.

मॅनेजर तिशीतली मुलगी. मी सगळं सांगितलं. तिने आधी माझ्याकडे, मग अवंतीच्या हाताकडे, मग उत्कर्षाकडे पाहिलं. “काका, तमे आ बधुं लखी आपशो?” म्हणाली, लिहून द्याल का हे सगळं. मी लिहून दिलं: खातं उघडताना खातेदाराची सही मी केली, आज जो फॉर्म येईल त्यावरची सहीही माझी आहे, पहिली लबाडीने आणि दुसरी मार खाऊन. खाली नाव लिहिलं, बाळकृष्ण पारखी, आणि या वेळी स्वतःची सही केली. उत्कर्षाने आधार आणि पॅन दाखवून नव्या सह्या दिल्या. तिच्या सहीत उ ला शेपूट नाहीच. कधीच सोडून दिलं म्हणाली.

अकराला धवल आला. काचेच्या केबिनमध्ये आम्हाला बसलेलं बघितलं आणि त्याला समजलं. रांगेसाठी पट्टा लावलेले ते स्टीलचे खांब असतात, त्यातला एक त्याने उचलला आणि काचेवर मारला. काच फुटून आत आली. दुसरा फटका मला मारला, खांद्यावर बसला. मग खांब टाकून त्याने उत्कर्षाचे केस धरले आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा. सारखा ओरडत होता, माझे पैसे, माझे. बँकेत चाळीस माणसं असतील. वॉचमन आणि तीन-चार जणांनी मिळून त्याला खाली पाडलं, तरी तो लाथा मारत होता. एकाने मोबाइलवर सगळं टिपलं.

मी त्याच्याकडे बघत होतो. चेहरा लाल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, ओठाच्या कोपऱ्यात फेस. स्नेहलता माझ्या शेजारी उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

पोलीस त्याला घेऊन गेले. उत्कर्षाच्या कपाळाला पाच टाके पडले. तिथून ती महिला पोलीस स्टेशनला गेली आणि पाडव्याचं, जानेवारीचं, आधीच्या सतरा वर्षांचं सगळं सांगून आली. डॉक्टरांशी खोटं बोललो हे मीही लिहून दिलं. पोलीस म्हणाले, तुमच्या सह्यांचंही बघावं लागेल. बघा, म्हटलं.

बाहेर आल्यावर मला वाटलं, उत्कर्षा मला काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, रिक्षा थांबली आहे.

१२ एप्रिल, रविवार

खातं बंद झालं. पैसे शुक्रवारी उत्कर्षाच्या बचत खात्यात जमा झाले, एक पैसा कर न कापता. तिने आणि अवंतीने कारेलीबागला दोन खोल्या घेतल्या आहेत. धवल बुधवारी जामिनावर सुटला. त्या दोघींच्या जवळपास जायचं नाही, अशी कोर्टाची अट आहे. माझ्या जवळपास यायला बंदी नाही. तो वरच राहतो. गुरुवारी त्याने वरचे दोन्ही आरसे फोडले. काल स्वयंपाकघरात मी वाटेत उभा होतो म्हणून पाठीत कोपर मारून गेला. मी स्नेहलताला म्हटलं, निवळेल हळूहळू.

आज टेबल टाकलं, पण सोसायटीत सगळ्यांना कळलं आहे. लोक लांबूनच जात होते. खोट्या सह्या करणाऱ्याला नियम कोण विचारणार? पाटी काढावी अशा विचारात होतो, तेवढ्यात साडेअकराला स्नेहलता आली. इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी. समोर बसली.

“सत्तराव्या वर्षी खातं उघडता येतं का?”

मला वाटलं, चेष्टा करते आहे. तिच्या नावाने मी कधी खातं काढलं नव्हतं. माझ्या खात्यावर वारस म्हणून तिचं नाव लावलं होतं, तेवढं पुरे असं मला वाटायचं. पण विचारलं आहे तर सांगायला हवं. म्हटलं, वयाला वरची मर्यादा नाही. तू भारतात राहतेस, आधीचं खातं नाही, म्हणजे पात्र आहेस. पण यात पंधरा वर्षं थांबावं लागतं.

“सत्तेचाळीस थांबले,” ती म्हणाली. “फॉर्म द्या.”

मी भरून देतो म्हणून पेन काढलं, तर तिने फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला. वेळ लागला तिला. एकेक अक्षर सुटं काढत होती. गेटबाहेर रिक्षा उभी होती, आत अवंती बसलेली दिसत होती, तिच्या पायाशी एक सुटकेस. ती आमच्या कपाटावरची सुटकेस होती. मी विचारलं, संध्याकाळी कितीला येशील. तिचा डावा कान माझ्याकडे होता, ऐकू आलं की नाही कोण जाणे.

तिने फॉर्म तपासायला माझ्यापुढे केला. पत्त्याच्या जागी कारेलीबागचा पत्ता होता. वारसाच्या जागी अवंतीचं नाव. खाली तिची सही. सत्तेचाळीस वर्षांत तिच्या सगळ्या कागदांवर मीच सह्या केल्या, त्यामुळे तिची सही कशी असते ते मला माहीत नव्हतं. साधी आहे, सरळ रेषेत, स्नेहलता एवढंच वाचता येतं.

मी वरपासून खालपर्यंत दोनदा तपासला. एकही चूक सापडली नाही, म्हणून तिचा फॉर्म तिला परत द्यावा लागला.